मोहरावर कोण येते ते आधी मोजा, पेटी नंतर आणा: आंबा आणि काजूच्या बागेतील परागीकरणाचा क्रम

खानापूर, बेळगाव आणि निपाणी भागातील बागायतदारांकडून मोहराच्या दिवसांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: मधमाश्यांची पेटी कुठे मिळेल? मोहर भरगच्च आला आणि फळ धरले नाही, म्हणजे माश्या कमी पडल्या असा निष्कर्ष काढला जातो, पेटी आणली जाते, त्याच आठवड्यात ठरलेली फवारणीही होते आणि महिनाभरात पेटी रिकामी पडते. यात पेटीचा दोष नसतो, चुकलेला असतो तो कामाचा क्रम. पुढे दिलेले टप्पे याच क्रमाने करावेत. एखादा टप्पा गाळल्यास त्यानंतरच्या टप्प्यातील नोंदींना फारसा अर्थ उरत नाही.

टप्पा १: आपल्या फळाला कोणता कीटक लागतो ते ठरवा

हा टप्पा थोडक्यात उरकता येतो. द्राक्षाच्या मोहरात परागीकरण बहुतांशी आपोआप होते आणि केळीचे फळ परागीकरणाशिवायच वाढते, त्यामुळे अथणी भागातील द्राक्षबागेत किंवा केळीच्या बागेत फळधारणेसाठी पेटी आणण्याचे कारण नाही. सीताफळाच्या फुलात अगदी लहान भुंगेरे काम करतात, तेथेही मधमाशी फारशी उपयोगी पडत नाही. डाळिंब, पेरू आणि जांभूळ यांना मधमाशीचा चांगला उपयोग होतो. डाळिंबात मात्र घंटेच्या आकाराची नरफुले फळ देत नाहीत, म्हणून ती गळाली तर माश्यांना दोष देऊ नये.

आंब्याच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. आंब्याच्या मोहरावर मधमाशीपेक्षा साध्या माश्या, म्हणजे निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्या, घरमाशीच्या जातीच्या माश्या आणि पोटावर पिवळे पट्टे असलेल्या, हवेत एका जागी थांबून उडणाऱ्या फूलमाश्या, अनेकदा अधिक काम करतात. सातेरी (पेटीत पाळली जाणारी मधमाशी), फुलोरी (उघड्यावर लहान पोळे करणारी बारीक मधमाशी) आणि डंखविरहित लहान मधमाश्या त्यांच्या जोडीला येतात. काजूचे पराग चिकट असल्यामुळे ते वाऱ्याने नीट वाहून जात नाहीत आणि तेथे कीटक लागतोच.

बागेत काम करणारे मजूर कन्नडभाषक असतील तर नावांचा घोळ होऊ नये म्हणून जोड्या लिहून ठेवाव्यात. आपली आग्या, म्हणजे झाडावर मोठे मोहोळ करणारी रानटी मधमाशी, ती त्यांची हेज्जेनु, सातेरी म्हणजे तुडुवे जेनु, फुलोरी म्हणजे कोलु जेनु आणि डंखविरहित लहान माशी म्हणजे मिसरी जेनु. मोजणीच्या कागदावर दोन्ही नावे असली की नोंद एकसारखी होते.

टप्पा २: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बागेची जमीन तयार करा

मोहर येण्याआधी बाग "स्वच्छ" करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गवत मुळापर्यंत कापायचे, पालापाचोळा गोळा करून पेटवायचा, सुकलेल्या फांद्या जळणाला न्यायच्या आणि बांध खरडून घ्यायचे, असे सगळे एकाच आठवड्यात होते. बऱ्याच एकट्या राहणाऱ्या मधमाश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात, भुंगे वाळलेल्या लाकडात आणि बांबूत राहतात, तर फूलमाश्यांच्या अनेक जातींच्या अळ्या झाडांवरचा मावा खातात. ही सगळी घरे नोव्हेंबरमध्ये मोडली, तर मोहरावर येणार कोण?

त्याऐवजी पुढीलप्रमाणे करावे.

बांधाच्या कडेची एक-दोन हात रुंदीची पट्टी न खरडता ठेवावी. ऊन पडणाऱ्या, पाणी न साचणाऱ्या जागी थोडी उघडी, न नांगरलेली माती राहू द्यावी. वाळलेल्या जाड फांद्यांचा एक ढीग बागेच्या कोपऱ्यात ठेवावा. पालापाचोळा पेटवू नये, तो झाडांच्या आळ्यात पसरावा, म्हणजे ओलही टिकते आणि खानापूरच्या जंगलालगतच्या बागांत वणव्याचा धोकाही कमी होतो.

मोहराआधी आणि मोहरानंतर कीटकांना अन्न मिळावे म्हणून बांधावर तुळस, शेवगा आणि झेंडू असावा. धने पेरून ते फुलू द्यावेत, कारण धन्याच्या आणि बडीशेपेच्या उघड्या, लहान फुलांवर फूलमाश्या हमखास येतात. कारळे घेत असाल तर ते बागेच्या शेजारच्या पट्टीत घ्यावे, फक्त त्याचे फूल आंब्याच्या मोहराआधी संपेल अशा बेताने पेरणी करावी. ऐन मोहरात शेजारी दुसरे भरघोस पीक फुललेले असेल तर मधमाश्या तिकडे वळतात.

पाण्यासाठी मातीचे पसरट भांडे घेऊन त्यात खडे टाकावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत, आणि पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे.

*सावधान:* फवारणी पंप धुतलेले पाणी या भांड्याजवळ, ओढ्यात किंवा आळ्यात कधीही ओतू नये.

माश्या आकर्षित करण्यासाठी बागेत कुजकी मासळी टांगण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यावर निळ्या माश्या येतात, यात शंका नाही. परंतु वस्ती जवळ असेल तर हा त्रास घरापर्यंत पोहोचतो. म्हणून घरापासून दूर, बागेच्या मध्याजवळ शेणखताचा एखादा ओलसर ढीग ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

टप्पा ३: फवारणी मोहर उघडण्याआधी संपवा

आपल्याकडील अनेक बागायतदार दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आंबा फवारणी वेळापत्रक वापरतात. ते वेळापत्रक कोकणासाठी केलेले आहे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, येथील रात्री अधिक थंड असतात आणि मोहराचा काळ किनाऱ्यापेक्षा वेगळा पडतो, इतकेच नव्हे तर एकाच बागेत उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील झाडांतही फरक पडतो. त्यामुळे तारीख पाहून नव्हे, तर मोहराची अवस्था पाहून फवारणी ठरवावी.

तुडतुड्यांसाठीची, म्हणजे आंब्याच्या मोहरातील रस शोषणाऱ्या किडीसाठीची, फवारणी बोंगे फुटताना, म्हणजे मोहराचा दांडा लांबू लागला आहे पण एकही फूल उमललेले नाही, अशा वेळी पूर्ण करावी. काजूवरील ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी नवी पालवी फुटते ती वेळ सोडू नये. पालवीवरची ही फवारणी नीट झाली, तर मोहरावर पुन्हा फवारण्याची गरज अनेकदा पडत नाही.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहून निर्णय घेण्याची. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग मनुष्याला होणारी विषबाधा किती तीव्र आहे ते सांगतात. मधमाशीविषयी ते काहीही सांगत नाहीत. मनुष्याला तुलनेने सौम्य असलेले औषध मधमाशीला अत्यंत घातक असू शकते. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही दोन्ही कीटकनाशके मधमाशीला फार विषारी आहेत, म्हणून डब्यासोबतच्या पत्रकातील मधमाश्यांविषयीची सूचना शोधून वाचावी.

दुसरी चूक आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषले जाणारे, औषध संध्याकाळी फवारले म्हणजे ते सुरक्षित झाले, असे मानण्याची. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून फुलातील मधुरसापर्यंत पोहोचू शकते. संध्याकाळची वेळ पाळल्याने थेट अंगावर पडणारा फवारा टळतो, मधुरसातील अंश टळत नाही.

तिसरी चूक एकाच टाकीत सगळे मिसळण्याची. भुरी या पांढऱ्या बुरशीच्या रोगासाठी वापरली जाणारी हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल या गटातील काही बुरशीनाशके विशिष्ट कीटकनाशकांबरोबर मिसळली, तर त्या कीटकनाशकाचा मधमाशीवरील घातक परिणाम वाढतो. भुरीच दिसत असेल तर भुरीचेच औषध फवारावे. पाण्यात मिसळणारे गंधक मधमाश्यांच्या दृष्टीने बरेच सौम्य आहे, मात्र ते कडक उन्हात फवारल्यास मोहर भाजतो.

*तपासणी:* फवारणीच्या आदल्या दिवशी झाडाखालील गवतात फुले आहेत का ते पाहावे. असल्यास तेवढेच गवत कापून मग फवारावे, कारण खाली पडणारा फवारा त्या फुलांवर आलेल्या माश्यांवरच पडतो.

टप्पा ४: मोजणी

संपूर्ण कामातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक जण तो करतच नाहीत. "यंदा माशीच नाही" हे वाक्य साधारणपणे दुपारी दोन वाजता बागेत फेरी मारून म्हटलेले असते. आंब्याची फुले रात्री उशिरापासून सकाळपर्यंत उमलतात, पराग मुख्यतः सकाळी मोकळे होतात आणि दुपारनंतर मोहरावर फारसे काही उरत नाही. काजूमध्ये नरफुले सकाळी लवकर उमलतात, तर द्विलिंगी, म्हणजे नर आणि मादी दोन्ही भाग असलेली, फळ देऊ शकणारी फुले त्यानंतर, साधारण दहा ते बाराच्या सुमारास उमलतात. तेव्हा मोजणी सकाळीच करावी.

साहित्य फार नाही: वही, घड्याळ, रंगीत सुतळी आणि एक भिंग.

१. बागेतील दहा झाडे निवडावीत. त्यांपैकी काही बांधाजवळची किंवा जंगलाकडील आणि काही बागेच्या अगदी मध्यातील असावीत. सोयीची म्हणून सगळी झाडे रस्त्यालगतची निवडू नयेत.

२. प्रत्येक झाडावर छातीच्या उंचीवरील एक मोहर निवडून त्याला सुतळी बांधावी. त्या मोहरावर ताजी फुले असली पाहिजेत. काजूच्या पाकळ्या उमलताना फिकट असतात आणि नंतर गुलाबी होतात, म्हणून गुलाबी फुलांचा मोहर मोजणीला घेऊ नये.

३. दोन हात अंतरावर, आपली सावली मोहरावर पडणार नाही अशा बाजूला उभे राहावे. पहिले एक मिनिट काहीही लिहू नये, कारण आपल्या हालचालीने उडालेल्या माश्या परत येण्यास तेवढा वेळ लागतो.

४. नंतर पाच मिनिटे मोजावे. फुलावर बसून परागकोशाला (पराग असलेल्या पिशवीला) किंवा मधल्या कुक्षीला (पराग स्वीकारणाऱ्या मादी टोकाला) अंग लावणारा कीटक म्हणजे एक भेट. नुसता घिरट्या घालून गेलेला कीटक मोजू नये. मुंग्या वेगळ्या लिहाव्यात, कारण त्या बहुधा मधुरस घेतात आणि एकाच झाडावर फिरत राहतात.

५. नोंद पाच रकान्यांत करावी: सातेरी आणि इतर मोठ्या मधमाश्या, लहान डंखविरहित माश्या, साध्या माश्या आणि फूलमाश्या, भुंगे आणि भुंगेरे, मुंग्या.

६. आठ, दहा आणि बारा वाजता अशा तीन फेऱ्या कराव्यात. दव, धुके किंवा ढग असल्यास तसे लिहावे. थंड, ढगाळ सकाळी मधमाश्या उशिरा बाहेर पडतात, पण काही साध्या माश्या तेव्हाही काम करत असतात.

७. मोहर सुरू होताना, ऐन भरात आणि संपत आल्यावर, असे तीन दिवस मोजावे.

*सावधान:* फवारणीनंतरच्या दोन-तीन दिवसांत घेतलेली मोजणी बागेची नसून फवारणीची असते. ती वेगळ्या पानावर लिहावी.

मोजणी झाल्यावर प्रथम कडेच्या आणि मध्यातील झाडांची तुलना करावी. जांबोटी-कणकुंबीसारख्या जंगलालगतच्या भागात कडेच्या झाडांवर भरपूर भेटी आणि मध्यात तुरळक, असे चित्र दिसू शकते. अशा बागेला मध्यभागी मदत हवी असते, सरसकट नव्हे. कडेला आणि मध्यात दोन्हीकडे चांगल्या भेटी असतील, तर फळ न धरण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. त्यासाठी पुढील टप्पा आहे.

टप्पा ५: तीन मोहरांची चाचणी

कीटक येतात की नाही हे मोजणीतून कळते. ते पुरेसे आहेत की नाही हे या चाचणीतून कळते.

एका झाडावर, एकाच दिशेचे, सारख्या उंचीचे आणि सारख्या वाढीचे तीन मोहर निवडावेत. एकही फूल उमलण्याआधी, म्हणजे टप्पा ४ ची मोजणी सुरू होण्याआधीच, पहिल्या मोहरावर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी तारेच्या कड्यावर बांधावी, म्हणजे कापड फुलांना चिकटत नाही. दुसरा मोहर तसाच उघडा ठेवावा. तिसराही उघडा ठेवावा, परंतु त्यावर हाताने परागीकरण करावे.

हाताने परागीकरण करताना आधी द्विलिंगी फूल ओळखता आले पाहिजे. आंब्याच्या फुलात भिंगातून पाहिल्यास मध्यभागी पिवळसर-हिरवी बारीक गोळी आणि तिच्या बाजूने निघालेला सुईसारखा दांडा दिसतो, ते द्विलिंगी फूल. गोळी नसेल तर ते नरफूल, त्याला फळ येणारच नाही. परागकोश गुलाबी असेपर्यंत बंद असतो. तो उघडून निळसर-जांभळा झाला की पराग मोकळे झालेले असतात. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान असे ताजे फूल चिमट्याने तोडून त्याचा परागकोश तिसऱ्या मोहरावरील द्विलिंगी फुलांच्या दांड्याच्या टोकाला हलकेच लावावा. हापूसच्या झाडावर पायरी, केसर किंवा रत्ना अशा दुसऱ्या जातीचे पराग वापरावेत. भारतातील अनेक आंब्यांना स्वतःच्याच परागाने फळ कमी धरते आणि बागेत दुसऱ्या जातीची थोडी झाडे असावीत ती त्याचसाठी. हे काम सलग चार-पाच सकाळी करावे.

असे तीन मोहरांचे किमान दहा संच, दहा झाडांवर करावेत. एकाच झाडावरील निकालावरून बागेबद्दल काहीही ठरवू नये.

*सावधान:* प्लॅस्टिकची पिशवी कधीही बांधू नये. आत ऊब आणि ओल साचून मोहर कुजतो आणि परागीकरण झाले नाही असा खोटा निकाल मिळतो. पिशवी बांधण्याआधी मोहरावर तुडतुडे नाहीत ना, हेही पाहावे.

फुले वाळून गेली की पिशव्या काढून टाकाव्यात. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर त्या मोजायच्या आहेत, तोवर चाचणीला हात लावू नये.

टप्पा ६: पेटी आणायचीच असेल तर

चाचणीचा निकाल याच मोहराला उपयोगी पडणार नाही, कारण तोवर मोहर संपलेला असेल. म्हणून पहिल्या वर्षी मोजणीवरून आणि दुसऱ्या वर्षापासून चाचणीवरून निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे. मध्यातील झाडांवरच्या भेटी कडेच्या तुलनेत फारच कमी असतील, तर एकरी एक-दोन सातेरीच्या पेट्यांपासून सुरुवात करणे योग्य ठरते.

वेळ महत्त्वाची आहे. बागेतील सुमारे ५ ते १० टक्के फुले उमलल्यावर पेटी आणावी. मी पहिल्यांदा पेट्या आणल्या तेव्हा मोहर येण्याच्या तीन आठवडे आधीच आणल्या होत्या. त्या माश्यांनी जवळच्या शेतातील फुलांचा रस्ता धरला आणि माझा मोहर उमलला तरी त्या तिकडेच जात राहिल्या. उमललेल्या बागेत आलेली वसाहत पहिल्या दिवशी समोर जे फूल दिसते तेथेच कामाला लागते.

घेताना पेटी उघडून पाहावी. पाच-सहा चौकटी माश्यांनी झाकलेल्या असाव्यात आणि पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, असला पाहिजे. अळ्यांना पराग खाऊ घालावा लागतो, म्हणून पिलावा असलेली वसाहत पराग अधिक गोळा करते. चौकटीवर जाळे किंवा बारीक अळ्यांचे बोगदे दिसले तर तो मेणकिडा आहे, ती पेटी घेऊ नये.

पेटी रात्री हलवावी, दाराला जाळी लावून, हवा खेळती ठेवून. बागेच्या मध्यभागी, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी, दार पूर्वेकडे करून ठेवावी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. एकदा ठेवल्यावर पेटी बागेतल्या बागेत वीस-पंचवीस पावले सरकवू नये, कारण बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात आणि हरवतात. हलवावीच लागली, तर रोज हातभर सरकवावी. सातेरी वारंवार उघडझाप सहन करत नाही आणि घर सोडून निघून जाते, त्यामुळे आठवड्यातून एकदा बाहेरून पाहणे पुरते. दारातून पायांना परागाचे गोळे लावून माश्या आत जात असतील, तर वसाहत ठीक आहे.

झाडावर आग्या मोहोळ असेल तर ते जाळू नये. त्या माश्या दूरवरून येतात आणि आपल्या बागेत फुकट काम करतात. मजुरांना त्या झाडाखालचे काम मोहोळ उठून जाईपर्यंत देऊ नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

गूळपाणी मोहरावर फवारण्याची पद्धतही थांबवावी. माश्या पानावरील गोडवा चाटतात, फुलात शिरत नाहीत आणि चिकट मोहरावर काळी बुरशी वाढते.

टप्पा ७: मोहर फुललेला असताना फवारणी टाळता येत नसेल तर

तुडतुड्यांचा किंवा ढेकण्याचा उद्रेक झाल्यास फवारावे लागते, हे मान्य करून क्रम ठरवावा. प्रथम किती झाडांवर कीड आहे ते पाहावे आणि तेवढीच झाडे फवारावीत. आंतरप्रवाही औषध या काळात वापरू नये. कडुनिंबावर आधारित औषध तुलनेने सौम्य आहे, तरी तेही सूर्यास्तानंतरच फवारावे. "जैविक" असे लिहिलेले प्रत्येक औषध मधमाशीला सुरक्षित असते असे नाही. स्पिनोसॅड हे जिवाणूपासून मिळते, पण ओले असताना मधमाशीला मारते.

येथे आपल्या भागातील दव लक्षात घ्यावे लागते. संध्याकाळची फवारणी सकाळपर्यंत वाळते हे गृहीत धरलेले असते, परंतु डिसेंबर-जानेवारीत दवामुळे पाने सकाळी आठ-नऊपर्यंत ओली राहतात. फवारणीनंतरच्या सकाळी पानाला हात लावून पाहावे. ओल असेल तर माश्यांसाठी धोका अजून टळलेला नाही.

पेट्या असतील तर फवारणीच्या संध्याकाळी, माश्या परतल्यावर आणि फवारण्याआधी, दाराला जाळी लावावी, पेटीवर ओले पोते टाकावे, पाने वाळेपर्यंत ठेवून मग उघडावे. एका दिवसापेक्षा अधिक बंद ठेवू नये. शेजारचा बागायतदार कधी फवारणार आहे हे आधीच विचारून ठेवावे, कारण माश्या बांध पाळत नाहीत.

टप्पा ८: कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावर निकाल वाचा

प्रत्येक संचातील तिन्ही मोहरांवरच्या कैऱ्या मोजून दहा संचांची बेरीज करावी. आंब्याच्या शेकडो फुलांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच फळे टिकतात, म्हणून एकेका मोहराच्या आकड्याने खचून जाऊ नये, बेरीजच पाहावी.

हाताने परागीकरण केलेल्या मोहरावर कैऱ्या जास्त आणि उघड्या मोहरावर स्पष्टपणे कमी असतील, तर बागेत परागीकरण खरोखर अपुरे पडते आहे. कीटक कमी आहेत, किंवा कीटक असूनही दुसऱ्या जातीचा पराग बागेत नाही. टप्पा ४ मधील वही उघडली की या दोहोंपैकी कोणते कारण आहे ते कळते: भेटी भरपूर असतील तर पुढील पावसाळ्यात दुसऱ्या जातीची कलमे लावावीत, भेटी कमी असतील तर पेटीचा आणि बांधावरील फुलांचा विचार करावा.

उघड्या आणि हाताने केलेल्या मोहरांवर जवळपास सारख्याच कैऱ्या असतील आणि झाकलेल्यावर फारच कमी, तर आपल्या बागेतील कीटक पुरेसे आहेत. पेटीवर खर्च करू नये, आहेत ते कीटक टिकवावेत.

तिन्ही मोहरांवर कैऱ्या कमीच असतील, तर पेट्या कितीही आणल्या तरी उपयोग होणार नाही. मोहर तयार होताना रात्री फार थंड गेल्या असतील तर द्विलिंगी फुलांचे प्रमाण घटते. वाळलेला मोहर हातात घेऊन भिंगाखाली पाहावा, पांढरी पूड दिसली तर भुरी, चिकटपणा आणि काळपट थर दिसला तर तुडतुडे. असा मोहर कागदाच्या पिशवीत घालून अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात, मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी विभागाच्या शेतकरी केंद्रात) दाखवावा आणि सोबत मोजणीची वहीही न्यावी.